नाईलच्या पाण्यावरून देवळं बघताना

परदेश सहलींच्या जाहिराती हल्ली तालुक्याच्या बाजारातल्या भिंतींवरही दिसतात. त्यातल्या एका जाहिरातीबद्दल आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींनी आम्हाला विचारलं. जाहिरात होती इजिप्तची. नाईल नदीत बोटीवर चार रात्री राहायचं आणि काठावरची हजारो वर्षांची देवळं बघत पुढे जायचं. "बोटीतच राहायचं म्हणजे कसं? एवढी देवळं नदीलाच का? आपल्यासारखीला हे जमेल का?" असे तुमचे प्रश्न. आम्ही वाचलं, नकाशे पाहिले, तिकडे जाऊन आलेल्या बायकांशी बोललो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

आपण उजनीच्या पाण्याकाठची माणसं. भीमेवर धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. ते बघायला लोक होडीत बसून जातात. म्हणजे होडीतून देऊळ बघणं आपल्याला नवं नाही. म्हणूनच नाईलच्या सहलीतली एक गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळेल. ती शेवटी येईल. आधी सहल समजून घेऊ.

नदी उलटी का वाटते

नाईल सुमारे साडेसहा हजार किलोमीटर लांब आहे. ती आफ्रिकेत दक्षिणेकडे उगम पावते आणि उत्तरेला भूमध्य समुद्राला मिळते. नकाशा समोर धरला तर ती खालून वर वाहताना दिसते. इजिप्तचा बहुतेक भाग वाळवंट आहे. नदीच्या दोन्ही अंगांना हिरवी पट्टी, पट्टीत शेती आणि गावं, आणि पट्टी संपली की लगेच वाळू. काही ठिकाणी एक पाय शेतात आणि एक वाळूत ठेवता येईल, इतकी ती हद्द स्पष्ट असते.

पूर्वी दर वर्षी पावसाळ्यात इथिओपियाच्या डोंगरांतून नाईलला पूर यायचा. पूर ओसरला की शेतात काळा गाळ राहायचा. त्या गाळावर गहू आणि जव पिकायचे. जुने इजिप्ती लोक आपल्या देशालाच 'केमेत' म्हणायचे. त्याचा अर्थ काळी जमीन. आपला शेतकरीही आपल्या जमिनीला काळी म्हणतो, काळी आई म्हणतो. भाषा वेगळ्या, पण गाळाच्या जमिनीवर जगणाऱ्यांची समज एकच.

आता बोटीचं बघा. नदीचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेला, आणि तिथला वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून दक्षिणेला. त्यामुळे उत्तरेला जायचं तर प्रवाह नेतो, दक्षिणेला जायचं तर शीड उभारायचं, वारा नेतो. जुन्या इजिप्तच्या चित्रलिपीत उत्तरेच्या प्रवासासाठी बिनशिडाची नाव काढत आणि दक्षिणेच्या प्रवासासाठी शीड उभारलेली नाव. ज्या देशाची अक्षरंही नावेच्या आकाराची, तिथली देवळं नदीकाठी असणारच.

देवळांचा दगडही नदीनेच आणला. आस्वानजवळ गुलाबी, करडा ग्रॅनाइट मिळतो. एडफू आणि कोम ओम्बो या गावांच्या मध्ये गेबेल अस-सिलसिला नावाच्या जागी वालुकाश्माच्या मोठ्या खाणी आहेत. नदी तिथे अरुंद होते आणि छिन्नीने कापलेल्या डोंगराच्या भिंती बोटीतून सरळ दिसतात. दगड काठावर कापायचा, नावेवर चढवायचा आणि हव्या त्या गावी उतरवायचा. एवढे अवजड दगड बैलगाडीने इतक्या लांब गेले नसते.

बोटीवरचे दिवस

ही सहल बहुतेक वेळा लक्सर आणि आस्वान या दोन शहरांच्या मध्ये होते. रस्त्याने हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. बोट ते तीन किंवा चार रात्रींत कापते. लक्सरहून निघाल्यास चार रात्री, आस्वानहून निघाल्यास तीन, अशी साधारण रीत आहे.

बोट म्हणजे पाण्यावरचं तीन-चार मजल्यांचं लॉजच म्हणा. खाली जेवणघर, वर खोल्या, सगळ्यात वर मोकळी गच्ची. सामान एकदाच खोलीत ठेवायचं. रोज बोचकं बांधून नवी खोली शोधायला नको. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्या सगळ्या जणींना हीच गोष्ट सगळ्यात आवडली. गच्चीवर बसलं की काठावर खजुराची झाडं, उसाची शेतं, गाढवावर चाऱ्याचे भारे नेणारी मुलं, नदीत भांडी घासणाऱ्या बाया असं सगळं संथपणे मागे सरकत राहतं.

एक गमतीची गोष्ट. धक्क्यावर जागा कमी आणि बोटी जास्त, म्हणून त्या एकमेकींना चिकटून उभ्या करतात. आपली बोट चौथी असेल तर काठावर जायला मधल्या तीन बोटींच्या आतून चालत जावं लागतं. परत येताना चुकून दुसऱ्याच बोटीत जाऊ नये, म्हणून आपल्या बोटीचं नाव असलेलं कार्ड सोबत ठेवायचं.

मोठ्या बोटी नको असतील तर शिडाच्या लहान बोटीही आहेत. त्यांना 'दहाबिया' म्हणतात. खोल्या मोजक्या, वेग कमी, आणि भाडं बहुधा जास्त. पर्यटकांना या नदीवरून नेण्याचा धंदा जुना आहे. १८६९ साली थॉमस कुक या इंग्रज माणसाने पहिली मंडळी नाईलवर नेली. १८७३ च्या शेवटी अमेलिया एडवर्ड्स नावाची इंग्रज लेखिका इथे आली आणि दहाबियातून पार अबू सिम्बेलपर्यंत गेली. देवळांची नासधूस, चोरून विकल्या जाणाऱ्या मूर्ती तिने डोळ्यांनी पाहिल्या. परत गेल्यावर तिने प्रवासाचं पुस्तक लिहिलं आणि १८८२ साली इजिप्तच्या प्राचीन वस्तूंच्या संशोधनासाठी व जपणुकीसाठी एक निधी उभा केला. ती संस्था आजही काम करते. सहलीला गेलेल्या एका बाईने एवढं काम उभं केलं, हे आपण लक्षात ठेवू.

लक्सर: राजे, राणी आणि मजूर

लक्सरला नदीच्या पूर्वेला कर्नाक आणि लक्सर ही दोन मोठी देवळं आहेत. पश्चिमेला राजांच्या समाध्या. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणून तो काठ जिवंतांचा आणि पश्चिमेला मावळतो म्हणून तो काठ मेलेल्यांचा, असा त्यांचा विचार.

कर्नाकच्या एका दालनात १३४ दगडी खांब आहेत. मधल्या रांगेतले १२ खांब सुमारे २१ मीटर उंच, म्हणजे सहा-सात मजली इमारतीएवढे. कर्नाकहून लक्सरच्या देवळात वर्षातून एकदा आमुन देवाची मिरवणूक निघायची. देव नावेच्या आकाराच्या पालखीत बसायचा आणि पुजारी ती खांद्यावर घ्यायचे. आपल्याला पालखी नवी नाही, त्यामुळे तिथल्या भिंतीवर कोरलेली ती मिरवणूक कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही. आजही लक्सरमध्ये अबू हग्गाग या मुस्लिम संताचा उत्सव होतो तेव्हा गावातून नावा मिरवतात. संताची मशीद जुन्या देवळाच्या आवारातच उभी आहे. देऊळ मातीखाली गेलं, त्यावर गाव बसलं, गावाची मशीद झाली. पुढे खोदून देऊळ मोकळं केलं तेव्हा मशीद वरच राहिली.

पश्चिम काठावर डोंगराच्या कड्याला टेकून हात्शेप्सुत राणीचं तीन पायऱ्यांचं मंदिर आहे. ही बाई सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी राजाची राणी म्हणून न राहता स्वतः राजा झाली आणि वीसेक वर्षं राज्य केलं. राजाला दाढी असते म्हणून मूर्तींमध्ये तिलाही खोटी दाढी लावलेली आहे. तिने समुद्रमार्गे पुंत नावाच्या देशाकडे जहाजं पाठवली. तिथून धुपाची झाडं मुळांसकट आणली, ते सगळं भिंतीवर कोरलेलं आहे. तिच्या मृत्यूनंतर तिचं नाव आणि चेहरा अनेक ठिकाणी छिन्नीने खरवडून काढले. कर्नाकमधला तिचा उंच स्तंभ भिंत बांधून झाकला. झाकल्यामुळेच तो नीट टिकला आणि आज उभा आहे.

आपल्या गटांनी मात्र आणखी एक जागा मागून घ्यावी. बऱ्याच सहलींत ती वगळतात. तिचं नाव दैर अल-मदिना. राजांच्या समाध्या खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. घरांची जोती, चुली, कोठारं अजून दिसतात. या लोकांना मजुरी धान्यात मिळायची. सुमारे ३१५० वर्षांपूर्वी, तिसऱ्या रामसेसच्या राज्यात धान्य थकलं, तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळामागे जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, असं त्यांनी लिहून कळवलं. जगातला हा पहिला नोंदलेला संप मानतात.

त्याच गावातल्या नौनख्ते नावाच्या म्हातारीचं मृत्युपत्रही सापडलं आहे. म्हातारपणी ज्या मुलांनी आपल्याकडे पाहिलं नाही, त्यांना माझ्या वाट्यातलं काही द्यायचं नाही, असं तिने साक्षीदारांसमोर सांगितलं आणि ते लिहून घेतलं गेलं. बाईच्या नावावर मालमत्ता होती आणि ती कुणाला द्यायची हे तीच ठरवत होती. सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी आपण किती चकरा मारतो, हे आठवलं की या म्हातारीबद्दल आदर वाटतो.

एस्ना आणि एडफू: पाण्याचा हौद आणि देवीचं येणं

लक्सर सोडलं की एस्नाला नदीवर बंधारा लागतो. बंधाऱ्याच्या एका बाजूला पाणी खाली, दुसऱ्या बाजूला वर. मग बोट वर कशी चढणार? तिथे दोन्ही टोकांना लोखंडी दरवाजे असलेला लांबट हौद आहे. बोट आत जाते, मागचा दरवाजा बंद होतो, हौदात वरचं पाणी सोडतात. बोट पाण्याबरोबर अलगद वर उचलली जाते. पाणी सारखं झालं की पुढचा दरवाजा उघडतो. आपल्याकडे धरणांना पाणी सोडायचे दरवाजे असतात, पण असा बोटीचा जिना सहसा बघायला मिळत नाही.

याच ठिकाणी छोट्या होड्यांतून विक्रेते येतात. ते कापड, झगे, शाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट चौथ्या मजल्यावर फेकतात. आवडलं तर पैसे त्याच पिशवीतून खाली टाकायचे, नाहीतर माल परत टाकायचा. खूप घासाघीस होते. घासाघीस जरूर करा, पण बाजारात बसून माल विकणं काय असतं हे आपल्याला माहीत आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

एडफूचं होरस देवाचं मंदिर साऱ्या इजिप्तमध्ये सगळ्यात चांगलं टिकलेलं आहे. इसवी सन पूर्व २३७ मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि ५७ मध्ये संपलं, म्हणजे १८० वर्षं चाललं. शतकानुशतकं ते वाळूत आणि गावाच्या मातीत इतकं गाडलं गेलं होतं की लोकांची घरं त्याच्या छपरावर होती. १८६० नंतर मारिएत नावाच्या फ्रेंच संशोधकाने ते मोकळं केलं. गाडलेलं होतं म्हणून छप्परही शाबूत राहिलं.

या देवळाशी एक गोड रिवाज जोडलेला होता. उत्तरेला देंदेरा गावी हाथोर देवीचं मंदिर आहे. दर वर्षी उन्हाळ्यात देवी तिथून नावेने निघायची आणि दीडशेहून जास्त किलोमीटर येऊन एडफूला आपल्या नवऱ्याला, होरसला भेटायची. दोन आठवडे उत्सव चालायचा. मग देवी आपल्या घरी परत. वाटेतल्या गावांत तिची नाव थांबायची, लोक दर्शनाला यायचे. नाईलवरून देवळं बघत जायची ही सहल आधी देवीने केलेली आहे.

कोम ओम्बो: पूर मोजणारी विहीर

कोम ओम्बोचं देऊळ नदीच्या अगदी काठावर, वळणावरच्या उंचवट्यावर आहे. बोट देवळासमोरच लागते. देऊळ दोन देवांचं: एक बाजू मगरीचं तोंड असलेल्या सोबेकची, दुसरी ससाण्याचं तोंड असलेल्या होरसची. शेजारच्या संग्रहालयात मसाले लावून जपलेल्या मगरी ठेवलेल्या आहेत. मागच्या भिंतीवर कात्र्या, चिमटे, सुऱ्या अशी अवजारं कोरलेली दिसतात. ती वैद्याची असावीत असं मानतात. जवळच बसून बाळंत होणाऱ्या बायांची चित्रं आहेत. आपल्यातल्या जुन्या सुईणींना ती बघून काही शिकवावं लागणार नाही.

आवारात एक खोल विहीर आहे. ती नदीशी जोडलेली असून तिच्यात उतरून पुराची उंची मोजायचे. पूर बेताचा आला तर पीक चांगलं, कमी आला तर दुष्काळ, फार आला तर गावं वाहून जाणार. पाणी किती चढलं यावरून त्या वर्षीचा सारा ठरायचा. आज धरणात किती टक्के पाणी आहे हे आपण जसं रोज पेपरात बघतो, तसंच ते.

कोम ओम्बोला बोट तास-दोन तास थांबते आणि आस्वानकडे निघते. पण याच गावाच्या आसपास, नदीपासून काही किलोमीटर आत, ४० पेक्षा जास्त वस्त्या आहेत ज्या सहलीच्या कागदावर नसतात. तिथे न्युबियन लोक राहतात. ते मूळचे इथले नाहीत. त्यांना इथे आणून बसवलं आहे. हे का झालं, ते आस्वानला कळतं.

आस्वान: देवळं हलली, माणसंही हलली

आस्वानला इंग्रजांनी १९०२ साली पहिलं धरण बांधलं आणि नंतर दोनदा त्याची उंची वाढवली. त्यामुळे फिले बेटावरचं इसिस देवीचं मंदिर वर्षातले बरेच महिने पाण्यात राहू लागलं. लोक होडीने देवळाच्या खांबांमधून फिरायचे. पळसदेवचं चित्र डोळ्यांसमोर आणा, तसंच.

पुढे इजिप्त स्वतंत्र कारभाराचा झाला आणि नासर यांच्या सरकारने दुसरं, फार मोठं धरण बांधायला घेतलं. १९६० ते १९७० असं त्याचं काम चाललं. लांबी ३८३० मीटर, उंची १११ मीटर. मागे तयार झालेला जलाशय सुमारे ५०० किलोमीटर लांब, पार सुदानमध्ये गेलेला. या धरणाने वीज दिली, बारमाही पाणी दिलं, पुरापासून आणि दुष्काळापासून वाचवलं. त्याचबरोबर शेतात येणारा काळा गाळ थांबला आणि खतं विकत घ्यावी लागू लागली. धरणाचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पाण्याखाली जाणार होती ती सगळी न्युबिया, तिच्यातल्या देवळांसह. १९६० साली युनेस्को या संस्थेने जगाला हाक दिली. पन्नासच्या आसपास देशांनी मदत केली. भारतातून पुरातत्त्व खात्याचं पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खननाला गेलं होतं.

अबू सिम्बेलची दोन देवळं डोंगरात कोरलेली. मोठ्या देवळाच्या दारात दुसऱ्या रामसेस राजाच्या वीस मीटर उंच बसलेल्या चार मूर्ती. शेजारचं लहान देऊळ त्याच्या नेफर्तारी राणीसाठी. तिथे राणीची मूर्ती राजाएवढीच उंच आहे. इजिप्तमध्ये राण्या सहसा राजाच्या गुडघ्यापर्यंतच दाखवतात, म्हणून हे विशेष. १९६४ ते १९६८ या काळात ही दोन्ही देवळं करवतीने कापली. हजाराहून जास्त तुकडे, एकेक तुकडा कित्येक टनांचा. प्रत्येकावर क्रमांक घातला आणि ६५ मीटर वर, सुमारे २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जुळवले. फिले बेटाभोवती लोखंडी पत्र्यांची भिंत घालून पाणी उपसलं, देऊळ दगड दगड सुटं केलं आणि शेजारच्या उंच बेटावर उभं केलं. १९८० मध्ये ते पुन्हा खुलं झालं. आपली उजनीही त्याच सुमाराला पूर्ण झाली.

या कामातून सगळ्या जगाचा वारसा जपायचा करार १९७२ साली झाला. त्याच यादीत १९८३ साली आपली अजिंठा आणि वेरूळची लेणी आली. म्हणजे नाईलकाठच्या देवळांचं आपल्याशी असंही नातं आहे.

आता माणसांचं. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार न्युबियन लोकांना नदीकाठची गावं सोडायला लावली. सुदानच्या बाजूलाही जवळपास तेवढीच माणसं उठली. जुन्या न्युबियात पुरुष कैरोसारख्या शहरांत चाकरीला असायचे आणि गाव बायाच चालवायच्या. शेती, शेरडं, म्हातारी माणसं सगळं त्यांच्यावर. घरं मातीची, मोठ्या अंगणाची, दाराभोवती नक्षी आणि भिंतीत चिनीमातीच्या बश्या बसवलेल्या. कोम ओम्बोकडे मिळाली ती एकासारखी एक, एका ओळीतली घरं. सगळी तयारही नव्हती. नदी लांब गेली. पहिल्या काळात लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरीच दगावली. निघताना लोकांनी पूर्वजांच्या कबरींचा निरोप घेतला आणि गावची माती सोबत घेतली, असं सांगतात.

देवळाच्या प्रत्येक दगडावर क्रमांक होता आणि त्याची जागा ठरलेली होती. माणसांसाठी एवढी काळजी कुणी घेतली नाही. २०१४ च्या इजिप्तच्या राज्यघटनेत न्युबियन लोकांना दहा वर्षांत त्यांच्या मूळ भागात परत नेण्याचं कलम आलं. त्यांची मागणी अजून संपलेली नाही.

देवळं हलवायलाच नको होती, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. गोव्यात साळावली धरणात कुर्डी गाव गेलं तेव्हा तिथलं जुनं महादेवाचं देऊळ असंच सुटं करून दुसरीकडे उभारलं. फार चांगलं काम झालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कुर्डीची माणसं आपल्या घरांच्या जोत्यांवर जमतात, देवाला दिवा लावतात. ज्यांनी गाव सोडलं त्यांना देऊळ आणि घर वेगळं वाटत नाही. म्हणून सहलीला जाऊ तेव्हा दोन्ही बघू. आस्वानला नदीपलीकडे घर्ब सोहेल नावाचं न्युबियन गाव आहे. निळी-पिवळी रंगवलेली घरं, मेंदी काढणाऱ्या, टोपल्या विकणाऱ्या बाया. होडीने जाता येतं. खरेदी करायची तर तिथे करा, म्हणजे पैसा घरातल्या बाईच्या हातात जातो. आणि शक्य झालं तर विचारा, की तुमचं जुनं गाव कुठलं.

जायचं ठरवलं तर

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशीच्या वर जातो. देवळं पहाटे बघतात, म्हणून लवकर उठायची तयारी हवी. पायऱ्या आणि चालणं भरपूर, गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. सुती, अंगभर कपडे, चांगल्या चपला आणि आपली रोजची औषधं घ्या.

जेवणाची चिंता नको. बाकल्याच्या बियांची उसळ म्हणजे 'फूल', त्याच बियांचे वडे, आणि भात-मसूर-शेवयांची 'कोशारी' हे सगळं शाकाहारी. कोशारी आपल्या खिचडीवरूनच आली असं म्हणतात. पावाला ते 'ऐश' म्हणतात, त्याचा अर्थ जगणं. आणि प्रत्येक ठिकाणी एक ओळखीचा शब्द ऐकू येईल: 'बक्शीश'. सामान उचलणारा, वाट दाखवणारा, संडासाची निगा राखणारी बाई, सगळ्यांना ती द्यायची असते. सुट्या नोटा जवळ ठेवा.

सहल कंपनीकडून या गोष्टी लेखी घ्या: बोटीवर किती रात्री, देवळांची तिकिटं धरली आहेत का, तुतनखामुनच्या समाधीसारख्या ठिकाणांचं तिकीट वेगळं पडतं, ते कोण भरणार, अबू सिम्बेल आस्वानहून रस्त्याने जवळपास २८० किलोमीटर लांब आहे, ते धरलं आहे का, बक्शीश आणि व्हिसाचा खर्च कुणाकडे, माहिती सांगणारा कोणत्या भाषेत बोलेल, आणि सहल रद्द झाली तर किती पैसे परत. पावतीशिवाय पैसे देऊ नका. पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही किमान सहा महिने शिल्लक हवी.

पैशांचं आमचं म्हणणं साधं आहे. गटाचं अंतर्गत कर्ज सहलीसाठी काढू नका. ते पैसे धंद्याला, दवाखान्याला, मुलींच्या शिक्षणाला. सहलीसाठी वेगळी आवर्ती ठेव काढा. पोस्टात ती महिना शंभर रुपयांपासून पाच वर्षांसाठी निघते. महिना हजार टाकले तर पाच वर्षांत ६० हजार मुद्दल आणि वर व्याज. तेवढ्यात इजिप्त झालं नाही तरी महेश्वरला नर्मदेच्या घाटावर होडीत बसून अहिल्याबाईंचा वाडा आणि देवळं नक्की बघता येतील. आणि बाईने स्वतःच्या आनंदासाठी पैसे बाजूला टाकणं ही उधळपट्टी नव्हे, हे घरात ठणकावून सांगा.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देतो. आपल्या गटात ज्यांचं सासर किंवा माहेर धरणाखाली गेलं, त्यांनी जुन्या गावातल्या वाड्या, विहिरी, देवळं आणि जत्रांची नावं वहीत लिहून आणावी. म्हाताऱ्या बायांना विचारून लिहा, कारण ती नावं आता त्यांनाच माहीत आहेत. वह्या जमल्या की त्यातली गावं आपण एकेक करून रेडिओवर वाचू.